वडिलांच्या गोळ्यांचं बिल साडेतीन हजार का येतं? मेडिकलच्या काउंटरमागून उत्तर

एका ताईंनी विचारलंय: वडिलांना मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, तिन्ही आहेत. दर महिन्याला औषधांचं बिल साडेतीन हजारांच्या पुढे जातं. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, चिठ्ठी दाखवली, तर हिशेब हजाराच्या आत आला. आता त्यांना दोन प्रश्न पडलेत. इतकी वर्षं आपण लुबाडले गेलो का? आणि एवढ्या स्वस्त गोळ्यांवर वडिलांची तब्येत सोपवायची का? शिवाय गेल्या वर्षी वडील चार दिवस ॲडमिट होते, तेव्हा सिरिंज, हातमोजे, सलाईनचा सेट अशा किरकोळ सामानाचेच काही हजार लागले. ते का, हेही त्यांना समजून घ्यायचंय. चिठ्ठीतल्या औषधांची नावंही त्यांनी कळवली आहेत.

मी फार्मासिस्ट आहे आणि मिरजेत मेडिकल चालवतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, रायबाग, बेळगावकडून माणसं इथे येतात आणि परतताना महिन्याभराची औषधं घेऊन जातात. बिल हातात पडल्यावर कोणती गोळी कमी करता येईल असं विचारणारी माणसं मी रोज बघतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

ताई, आधी दुकानदाराचं सांगतो, कारण राग पहिल्यांदा त्याच्यावर निघतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडेड गोळीची छापील किंमत १०० रुपये आहे असं धरा. त्यात ५ टक्के जीएसटी आला, म्हणजे कराशिवाय साधारण ९५ रुपये. सरकारी नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर व्यापारात रुळलेला हिशेब असा की किरकोळ दुकानदाराला २० टक्के आणि होलसेलरला १० टक्के. मला ती पट्टी कर सोडून ७६ रुपयांना पडते आणि कंपनीच्या हातात साधारण साडेअडुसष्ट रुपये जातात. नियंत्रणाखालच्या औषधांवर आमचे टक्के आणखी कमी, १६ आणि ८. म्हणजे शंभरातले माझे एकोणीसच्या आसपास. त्यातून भाडं, पोरांचे पगार, इन्शुलिनसाठी चोवीस तास चालणारा फ्रिज आणि एक्स्पायरी निघालेल्या मालाचा भुर्दंड सोसायचा. वर "दहा टक्के कमी करा" म्हणणारं गिऱ्हाईक समोर उभं असतं, आणि शेजारी दोन दुकानं तेवढे कमी करत असतात. दोन बिलांतल्या फरकाचे तुमचे अडीच हजार माझ्या गल्ल्यात राहत नाहीत, एवढं या हिशेबावरून पटावं.

ते जातात छापील किमतीत, आणि ती किंमत ठरते कारखाना सोडून भलत्याच ठिकाणी. एमआरपी म्हणजे यापेक्षा जास्त घेऊ नये अशी मर्यादा. सरकारी नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर ती मर्यादा कंपनी स्वतःच छापते. गोळी बनवायला किती खर्च आला, याच्याशी तिचा संबंध लावायलाच हवा असं बंधन नाही.

हे किती टोकाला जातं, ते आमच्याच व्यापारातल्या एका मालावरून दिसतं. त्याला आम्ही "जेनेरिकचा माल" म्हणतो. त्यावरही ब्रँडचं नाव असतं, पण त्याचा प्रचार करायला एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांकडे जात नाही. तो थेट दुकानदाराला नेट रेटने मिळतो. ॲसिडिटीची पँटोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल घ्या. पट्टीवर ११० रुपये छापलेले असतात आणि माझ्या खरेदीबिलात तीच पट्टी चौदा-पंधरा रुपयांना असते. अंगदुखीच्या गोळीची साठ रुपये छापलेली पट्टी सहा-सात रुपयांना पडते. त्या पंधरा रुपयांत कच्चा माल, कारखाना, पॅकिंग, वाहतूक आणि कंपनीचा नफा, सगळं आलेलं असतं. मग ११० कशासाठी? दुकानदाराला "पन्नास टक्के सूट" असा फलक लावता यावा आणि तरीही भरपूर उरावं यासाठी. ही पट्टी गिऱ्हाइकाला पूर्ण छापील किमतीला विकणारे दुकानदार आमच्यात आहेत आणि ते चूक करतात, हे मी आमच्या संघटनेच्या बैठकांतही बोलतो. कायद्याने मात्र ते गुन्हेगार ठरत नाहीत, कारण छापील किमतीच्या वर त्यांनी एक रुपयाही घेतलेला नसतो.

कित्येक मोठ्या कंपन्यांचे दोन विभाग असतात. एक विभाग एमआरमार्फत डॉक्टरांपर्यंत जाणारे ब्रँड विकतो, दुसरा हा जेनेरिकचा माल. औषध एकच, बऱ्याचदा कारखानाही एकच. हिमाचलातल्या बद्दीत किंवा उत्तराखंडात एकाच छताखाली पाच-सात कंपन्यांच्या पट्ट्या भरल्या जातात. पट्टीच्या मागे "उत्पादक" आणि "विक्रेता" अशी दोन नावं वेगळी छापलेली दिसली की तोच प्रकार.

मग बाजारात एवढ्या कंपन्या असताना किंमत खाली का येत नाही? भाजी मंडईत चार गाडे वाढले की भाव उतरतो. औषधात तसं होत नाही, कारण औषध निवडतो एक आणि पैसे देतो दुसरा. निवड डॉक्टरांची किंवा हॉस्पिटलची, पैसे पेशंटचे. कंपन्या निवडणाऱ्याला खूश करायला झटतात, पैसे देणाऱ्याला कुणी विचारत नाही. एमआरचे पगार, सॅम्पल, परिषदा, प्रवास, भेटवस्तू, सगळं कंपनीच्या हातात जाणाऱ्या त्या साडेअडुसष्ट रुपयांतून होतं. हे इतकं उघड होतं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरचा खर्च कंपन्या प्राप्तिकरात व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती वजावट नाकारली. त्याच निकालात न्यायालयाने या भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटवर पडतो, हेही मांडलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांच्या प्रचाराची नवी आचारसंहिताही आणली. डॉक्टरांवर सरसकट आरोप करायचा माझा हेतू नाही. साधी, स्वस्त औषधं लिहिणारे आणि एमआरला दारातही उभं न करणारे डॉक्टर मिरजेत आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या रोज माझ्या काउंटरवर येतात. पण घडीच अशी बसवलेली आहे की चांगल्या माणसाच्या हातूनही महाग ब्रँड लिहिला जातो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर रोज तेच नाव येतं आणि त्याची किंमत त्याला कुणी सांगत नाही.

सरकार काहीच करत नाही असं नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, १९९७ पासून आहे. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी असते, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत आणि त्यांच्या कमाल किमती हे प्राधिकरण ठरवतं. अडचण किंमत ठरवायच्या पद्धतीत आहे. औषधांच्या किमतींच्या १९९५ च्या आदेशात उत्पादन खर्च धरून त्यावर ठरावीक टक्के दिले जात. २०१३ च्या आदेशाने ते बदललं. आता ज्या ब्रँडचा बाजारात किमान १ टक्का वाटा आहे, त्या सगळ्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात. म्हणजे आधीच फुगलेल्या किमतींची सरासरी हीच मर्यादा झाली. खर्च किती, हा प्रश्नच निकालात निघाला. यादीतल्या औषधांना दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ मिळते. २०२२ मध्ये ती १०.७७ टक्के होती आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना निर्देशांकही लागत नाही, वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा असते आणि बऱ्याच कंपन्या ती न चुकता वापरतात. तुमच्या वडिलांचं बिल दरवर्षी थोडं थोडं चढत असेल तर त्यामागे हे आहे.

यादीत औषधाबरोबर त्याची मात्रा आणि प्रकारही नेमलेले असतात. कोलेस्टेरॉलची ॲटोरवास्टॅटिन यादीत आहे, पण त्याच कुटुंबातली रोसुवास्टॅटिन नाही. त्यामुळे एकीवर यादीचा लगाम आहे आणि दुसरीवर नाही. कंपन्यांचा प्रचाराचा जोर यादीबाहेरच्या बाजूला जास्त असणार, हे सांगायला नको.

किंमत खरोखर पडते ती पेटंट संपतं तेव्हा. मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन हे ताजं उदाहरण, तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीतही ती आहे. पेटंट होतं तोवर एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची, म्हणजे महिन्याला अठराशे. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि लगेच भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, त्यातल्या काही तर दहा रुपयांच्या आत. मूळ संशोधन करणाऱ्या कंपनीने पेटंटच्या काळात जास्त किंमत घेणं मी समजू शकतो, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण पेटंट संपून इतके दिवस झाले तरी जुन्या चिठ्ठीवर जुनाच ब्रँड चालू असलेले पेशंट मला आजही भेटतात. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची असते, दर महिन्याला तीच दाखवली जाते आणि मधल्या काळात बाजार बदललाय हे त्यांना कुणीही सांगितलेलं नसतं.

आता हॉस्पिटलच्या बिलाकडे येतो. इथे मला जास्त राग येतो, कारण इथे पेशंटला हलायलाच जागा नसते.

तुमच्या बिलातल्या सामानात "थ्री वे" असं लिहिलेलं कदाचित सापडेल. सलाईनच्या नळीला लावायची प्लॅस्टिकची छोटी चावी असते ती, एकाच सुईतून दोन औषधं देता यावीत म्हणून. एनपीपीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली. डेंग्यूने दगावलेल्या मुलांच्या पालकांना लाखांची बिलं आली, त्यावरून गदारोळ झाला होता. त्या तपासणीत ही चावी ५ रुपये ७७ पैशांना घेऊन १०६ रुपयांना लावलेली सापडली. नफा १७३७ टक्के. आणि गंमत म्हणून सांगत नाही, हे नीट समजून घ्या: बहुतेक ठिकाणी छापील किमतीच्या वर एक पैसाही घेतलेला नव्हता. हॉस्पिटल मोठं गिऱ्हाईक असतं. ते कंपनीला सांगतं, आम्हाला स्वस्तात द्या आणि वर किंमत जास्त छापा. जी कंपनी जास्त छापेल तिचा माल घेतला जातो. स्पर्धा असूनही औषधात किंमत उतरत नाही, हे मी वर म्हटलं, त्याचा याहून नागडा पुरावा नाही. सिरिंज, हातमोजे, कॅन्युला, ड्रेसिंगचं सामान, सगळ्याला हाच नियम लागू. औषधं, सामान आणि तपासण्या मिळून एकूण बिलाच्या जवळजवळ निम्मी रक्कम होते, असंही त्या तपासणीत दिसलं.

लगाम लावला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. हृदयाच्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधली. औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत तोपर्यंत सरासरी १ लाख २१ हजार होती, ती २९,६०० वर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधल्या. तेव्हा चांगले स्टेंट भारतात मिळणार नाहीत असं बरंच बोललं गेलं. अँजिओप्लास्टी आजही रोज होतात, मिरजेतही होतात. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तिचा फायदाही पेशंटना झाला. हीच मर्यादा सगळ्याच औषधांना आणि हॉस्पिटलच्या सामानाला लावावी असं माझं ठाम मत आहे. त्यात माझाही काही धंदा कमी होईल, आणि तो व्हायला हवा.

तोवर तुमच्या हातात एवढं आहे की औषध हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये हॉस्पिटलांना तसा फलक लावायला सांगितलं आहे. तातडीच्या वेळी बाहेर धावायला कुणी सांगत नाही, पण चार दिवसांच्या मुक्कामात दुसऱ्या दिवसापासूनची महाग इंजेक्शनं बाहेरून आणता येतात. नर्सबाईंना शांतपणे विचारा, "उद्याची लिस्ट आज मिळेल का?" आणि डिस्चार्जच्या दिवशी न वापरलेली औषधं परत देऊन पैसे कमी करून घ्या. बिल झाल्यावर ती पिशवी घरी नेणारे नातेवाईक मी फार बघितलेत.

आता तुमचा खरा प्रश्न: स्वस्त गोळी चालेल का?

बहुतेक वेळा चालते. पण "सगळं सारखंच असतं" असं सरसकट मी सांगणार नाही. सरकारी तपासणीत दर महिन्याला काही औषधं दर्जाहीन निघतात, त्यांची यादी केंद्रीय औषध नियंत्रक प्रसिद्ध करतात आणि त्यात स्वस्त माल असतो तसे नावाजलेले ब्रँडही असतात. महाग म्हणजे चांगलं हे त्यामुळे खरं नाही, आणि स्वस्त म्हणजे तेवढंच चांगलं हेही आपोआप खरं ठरत नाही. जनऔषधीचा माल निविदा काढून घेतात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांवर पाठवतात. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांनाही तिकडे पाठवतो, विशेषतः आयुष्यभर चालणाऱ्या औषधांसाठी. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या गोळ्या रक्तात मूळ औषधाइतक्याच उतरतात, हे सिद्ध करून दाखवायची अट २०१७ पासून नव्या परवान्यांना आहे. ती आधीच असायला हवी होती.

काही औषधं अशी आहेत की त्यांचा ब्रँड डॉक्टरांना न विचारता बदलूच नये. फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, किडनी बदलल्यावर घ्यायची औषधं. यांत रक्तातलं प्रमाण जरा खालीवर झालं तरी त्रास होतो. एक ब्रँड चालू आहे ना, तर तोच ठेवा, मग तो स्वस्त असो की महाग.

आता तुमच्या वडिलांची चिठ्ठी. तुम्ही कळवलेल्या नावांवरून एकेक औषध बघू.

मधुमेहाची मेटफॉर्मिन यादीत आहे, ती मुळातच स्वस्त. तिथे वाचवण्यासारखं फार काही नाही. नावापुढे "एसआर" किंवा "ईआर" असेल तर नवीन पट्टीवरही ते आहे का तेवढं बघा. हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी या वेगळ्या, आणि पहिली तोडून किंवा कुटून द्यायची नसते.

एम्पाग्लिफ्लोझिनचं वर सांगितलंच. तुमच्या साडेतीन हजारांतला सगळ्यात मोठा तुकडा हाच असणार.

रक्तदाबाची टेल्मिसार्टन. इथे किमतीपेक्षा पॅकिंग बघा. ही गोळी हवेतला ओलावा शोषते, म्हणून चांगल्या कंपन्या ती दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत देतात. आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत ती कुणी देत असेल तर मी घेणार नाही, मग ती कितीही स्वस्त असो. आणि घरी आठवड्याच्या डबीत सोमवार-मंगळवार करून गोळ्या सोलून ठेवायची सवय असेल, तर ही एक गोळी त्यातून वगळा. पावसाळ्यात डबीत ती दोन-तीन दिवसांत मऊ पडते. खाण्याच्या वेळीच पट्टीतून काढा.

रोसुवास्टॅटिन. पट्टीची किंमत बघून तुलना करू नका, एका गोळीची बघा. बऱ्याच कंपन्यांनी दहाच्या पट्ट्या पंधराच्या केल्या आहेत, त्यामुळे एक पट्टी महाग दिसते आणि गोळीमागे स्वस्त असते, किंवा उलटही. ॲटोरवास्टॅटिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येईल. स्वतः बदलू नका, दोन्हींची मात्रा सारखी नसते.

पँटोप्राझोल. ती कधी सुरू झाली आणि कशासाठी, एवढंच डॉक्टरांना विचारा. ॲडमिट असताना सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू राहिलेली मी कित्येकदा बघतो.

आणि चिठ्ठीतली शेवटची लालसर कॅप्सूल, "ताकदीसाठी" लिहिलेली. तिची पट्टी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मिथाइलकोबालमिन, अल्फा लायपोइक ॲसिड, क्रोमियम, ग्रीन टीचा अर्क, अशी लांबलचक यादी असेल आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असेल, तर ते कायद्याने औषधच नाही. तो अन्नपूरक पदार्थ आहे. औषधांच्या किमतीचा आदेश त्याला लागू होत नाही, वर्षाला दहा टक्क्यांची अटही नाही. पंधरा कॅप्सूलला तीनशे-साडेतीनशे छापले तरी विचारणारं कुणी नाही, म्हणून बाजारात या कॅप्सूलांचा सुळसुळाट आहे. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतली की काहींमध्ये बी-१२ कमी होतं हे खरं आहे. पण त्यासाठी एकदा रक्तातलं बी-१२ तपासायचं आणि कमी निघालं तर साधी बी-१२ ची गोळी घ्यायची, ती बरीच स्वस्तात मिळते. ग्रीन टीच्या अर्काचे पैसे द्यायची गरज नाही.

एक कायद्याची गोष्ट, म्हणजे दुकानात वाद होणार नाही. शेड्यूल एच मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाचा ब्रँड चिठ्ठीत लिहिलेला असेल तर त्याऐवजी दुसरा ब्रँड मी स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही, औषध तेच असलं तरी. औषधांच्या नियमांतल्या ६५ व्या नियमात तशी बंदी आहे. म्हणून "तुम्हीच स्वस्त द्या की" असं म्हणून उपयोग नसतो. डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून आणा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना मूळ नावानेच लिहिणं बंधनकारक करायचं ठरवलं होतं, पण विरोध झाला आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. त्यामुळे आज विचारायचं काम तुम्हालाच करावं लागतं. विचारताना "डॉक्टर, खर्च झेपत नाही, यातली कोणती स्वस्तात चालतील?" असं सरळ विचारा. "तुम्ही महाग का लिहिता?" असा सूर लागला की समोरचा माणूस आवरून बसतो. खर्चाची अडचण सांगितल्यावर चिठ्ठी बदलून न देणारे डॉक्टर माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत. बहुतेकांना पेशंटने ते कधी बोलूनच दाखवलेलं नसतं.

ऑनलाइनच्या पंचवीस टक्के सवलतीबद्दल एवढंच की ठरलेल्या महिन्याच्या गोळ्यांना ती घ्यायला हरकत नाही. मात्र सूट छापील किमतीवर असते. साठ रुपयांच्या गोळीवर पंचवीस टक्के सूट घेऊन पंचेचाळीस मोजण्यापेक्षा तीच दहा रुपयांची घेतलेली बरी. इन्शुलिन मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्या, वाटेत ते थंड राहिलं की नाही हे कुरिअरवाल्याला माहीत नसतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण गेला. जी पट्टी आधी ११२ रुपयांना होती ती १०५ ला मिळायला हवी. तेव्हाचा जुन्या छापील किमतीचा माल कुठे निघाला, तरी बिल नव्या दरानेच व्हायला हवं, कंपन्यांनी तशी दरपत्रकं दिलेली आहेत. दुकानदार कुरकुरला तर दरपत्रक दाखवा म्हणा. यादीतल्या औषधाची कमाल किंमत "फार्मा सही दाम" या सरकारी ॲपवर बघता येते, आणि कुणी जास्त घेतले तर एनपीपीएकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पक्कं बिल लागतं, बॅच नंबरसकट. चिठ्ठीच्या मागे पेनाने मांडलेली बेरीज तिथे चालत नाही.

बदल करायचं ठरलं तर सगळ्या गोळ्या एकाच दिवशी बदलू नका. आधी एम्पाग्लिफ्लोझिन बदला, पंधरा दिवस घरच्या मशीनवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवा. मग टेल्मिसार्टन, आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब. आकडे आधीसारखेच राहिले तर पुढची गोळी. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करून वही आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे बिघडलेले दिसले तर तीन महिने वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा आणि जुन्या व नव्या दोन्ही पट्ट्या सोबत न्या.